एकोणऐंशी वॅट

अर्जातल्या अकराव्या रकान्यात
एकच आकडा मागतात.
मी पेन्सिल काढली. असली गणितं पेनाने करू नयेत,
एवढं बत्तीस वर्षं ट्रान्समीटर सांभाळून शिकलो.

पाथर्डी फाट्याजवळ, कॉलेजच्या गच्चीवर,
टाकीच्या सावलीत बसलो होतो आम्ही.
कांचन गांगुर्डे कॅल्क्युलेटर घेऊन,
मी पाठ टेकून.
खाली हायवेवर ट्रकांची घरघर,
वर नवा खांब, अजून रंगाचा वास येणारा.

लिही, म्हटलं. ट्रान्समीटर पन्नास वॅट,
म्हणजे सत्तेचाळीस डीबीएम.
केबल तीस मीटर, तिने खाल्लं सात दशांश.
(केबल खातेच. फुकट कोण वाहून नेतं?)
कनेक्टर सगळे मिळून तीन दशांश.
एक गेला. राहिले सेहेचाळीस.
आता अँटेनाचे तीन मिळव.
एकोणपन्नास. उलटं फिरव.

एकोणऐंशी वॅट, ती म्हणाली,
आणि बोट तिथेच थांबलं.
पतसंस्थेत दोन वर्षं कॅशला बसलेली मुलगी;
शिल्लक कमी पडली तर चुकलंय म्हणते,
जास्त निघाली तर घाबरते.
"सर, पन्नास भरले, वाटेत गळतीही धरली,
मग वरचे एकोणतीस कुणाच्या खात्यातले?"

आकाशाच्या, मी म्हटलं.
पीठ तेवढंच असतं गं.
गोळा थापला की भाकरी रुंद होते,
उंची जाते.
ढगांना आपला कार्यक्रम ऐकायचा नाही,
घारींनाही नाही.
त्यांच्या वाट्याचं काढून
सिडकोला दिलं, अंबडला दिलं, इंदिरानगरला दिलं.
अँटेना कमावत नाही काही. वाटप बदलते.

तिने वहीत लिहिलं: वाटप.
खाली दोन रेघा.

शंभराच्या आत आहे. नियमात बसतं.
अकरावा रकाना भरला.
मंजुरी यायला दिवाळी उलटली.

पहिल्या संध्याकाळी तिनेच माईक घेतला.
नळाला पाणी किती वाजता, कुठला रस्ता खोदलाय,
कुणाची हरवलेली शेळी कुठे सापडली.
मी स्कूटरवर रेडिओ लटकवून निघालो.
अंबडला लख्ख. सातपूरला कंपनीच्या गेटवर
वॉचमन म्हणाला, ही पोरगी श्वास कधी घेते?
आनंदवल्लीपर्यंत आवाज सोबत होता.

मग वळलो आणि विल्होळीच्या बाजूला गेलो.
तिचं घर तिकडे.
आणि तिकडे नुसती खरखर,
कढईत काहीतरी तळतंय अशी.

मान वर केली. मधे पांडवलेणीचा डोंगर.
दोन हजार वर्षं कोरून घेतलेला,
पण आरपार नाही.

एकोणऐंशी वॅट खरेच होते.
मी दुसऱ्या दिवशी मीटर लावून पुन्हा पाहिलं:
केबल ठीक, कनेक्टर कोरडे, परतणारी शक्ती नगण्य.
गणित एका अक्षराने चुकलं नव्हतं.
डोंगर गणितात नव्हताच.
खांबावरून किती निघालं, एवढंच विचारतात अर्जात.
कुणाच्या घरात काय पोचलं, त्याला रकाना नाही.

हे तिला कसं सांगावं, म्हणून
तीन दिवस मी उगाच सोल्डरिंग करत बसलो.

चौथ्या दिवशी तीच सांगत आली.
आईने रेडिओ पत्र्यावर चढवला म्हणे,
एरियलला तांब्याची तार,
तार बांबूला, बांबू शेजाऱ्यांच्या डिशला बांधलेला.
शेजारी चिडलेत.
रात्री साडेआठला आईचा फोन आला होता:
"येतंय काहीतरी डोंगरावरून.
तू आहेस का पाण्याची मोटर, कळत नाही.
पण मधेमधे दम घेत नाहीये,
म्हणजे तूच असशील."

मी विचारलं, किती वेळ ऐकलं त्यांनी?
"संपेपर्यंत," ती म्हणाली. "पत्र्यावरच बसून."

थंडी होती त्या रात्री. निफाडला पारा सहावर.
मी वही उघडली, अकराव्या रकान्याची नक्कल काढली,
पेन्सिलीने बाजूला काहीतरी लिहायला घेतलं,
एकक सुचेना.
तसंच ठेवलं.